वायर दिसता कामा नये

९ सप्टेंबर, मंगळवार

कॅमेरा आला! सुरभीने पनवेलहून कुरिअरने पाठवला. दोन-तीन काडेपेट्या एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढंच यंत्र. ट्रकच्या पुढच्या काचेला आतून चिकटवायचं, रस्त्यावरचं सगळं टिपून ठेवतं. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, काही झालं की लोक मोठ्या गाडीलाच धरतात. तुमच्याकडे पुरावा हवा." खरं आहे तिचं. सायकलवाला उलटा येऊन आदळला तरी जमाव कॉलर धरणार ती ट्रकवाल्याची. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही—पण हे जमावाला कोण सांगणार!

लगेच पाना-पक्कड घेऊन निघालो तर जिजा दारात आडवी. "पितृपक्ष चालू हाय. नवी वस्तू लावायची नाय." घट बसेपर्यंत थांबा म्हणे. तेरा दिवस! कॅमेरा गेला कपाटात, तिच्या साड्यांच्या खाली. घरात माझा शब्द किती चालतो ते या पानापुरतंच राहू दे.

११ सप्टेंबर, गुरुवार

जिजा म्हणते मी घोरतो. पिठाच्या गिरणीसारखा. मी म्हटलं, पुरावा दाखव.

१३ सप्टेंबर, शनिवार

खोपोलीला सिमेंटच्या गोडाऊनबाहेर रांगेत. माझा अकरावा नंबर, म्हणजे दोन तास तरी नक्की. डिझेल पंपवाल्याने दिलेली ही डायरी बरी कामाला येते. बाकीचे ड्रायव्हर मोबाईलवर रील बघतात, मी लिहितो. नव्या पोरांना वाटतं मी डिझेलचा हिशेब करतोय. वाटू दे.

वायर कुठून न्यायची ते आज केबिनमध्ये बसून ठरवलं. कॅमेरा म्हटला की वायर आली. आणि माझ्या केबिनमध्ये वायर लोंबता कामा नये! छताला लाल रेग्झिन, त्याला पिवळी झालर, खाली धुतलेलं मॅटिंग—हमालसुद्धा चढायच्या आधी चपला काढतात. (काढत नाहीत. पण काढायला हव्यात असं त्यांना वाटतं, हे मला दिसतं.) शिवाय लोंबती वायर दिसली की जो येतो तो आपला फोन लावतो. मागच्या वर्षी चार्जर असाच गेला. वायरचा माग काढत काढत कॅमेराही जायचा.

तर वायर छताच्या रेग्झिनमागून, मग काचेच्या बाजूच्या पट्टीतून खाली, आणि फ्यूज बॉक्समध्ये. बाहेर एक बोटभर दिसली तरी मी हरलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

जिजा बाजारात गेली. कॅमेरा काढला.

लावला नाही! चाचणी घेतली. पितरांचं चाचणीबद्दल काही म्हणणं असेल असं वाटत नाही. बॉक्सवर कारचं चित्र आणि बारा व्होल्ट लिहिलेलं. माझा ट्रक चोवीसचा—बाराच्या दोन बॅटऱ्या जोडून. मग काय, दोनातल्या एकाच बॅटरीवरून तार काढली. बरोबर बारा! इलेक्ट्रिशियन लोक या एवढ्याशा गोष्टीचे पैसे घेतात. कॅमेरा तात्पुरता सनवायझरच्या मागे दडवला, वायर मॅटिंगखालून. हिरवा दिवा लागला. पोरासारखा आनंद झाला मला.

जिजाला काही बोललो नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

बोलावं लागलं.

सकाळी शिळफाट्याला चहासाठी थांबलो, परत चढून किल्ली फिरवली—टक्. परत फिरवली—टक्. सोळा टनांची गाडी, धक्का तरी कोण मारणार! मागे बसवाला हॉर्नवर बसलेला. शेवटी माझा जुना क्लीनर पदू, त्याच्या पोरीला, हर्षलाला फोन केला. तिथेच कोपऱ्यावर तिचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. आली, बॅटरीचं झाकण उघडलं, मी काढलेली तार दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखी वर केली.

"काका, ह्ये कुणी केलं?"

मी म्हटलं, एकाने केलं.

"त्या एकाला सांगा, बैल दोन आणि रोज चारा एकाच्याच पुढनं काढून घेतलात तर जोडी चालंल काय?" म्हणजे कॅमेरा रात्रंदिवस चालू, आणि एकच बॅटरी उपाशी मरत होती. चोवीसच्या गाडीला वेगळं किट येतं, त्याला तीन वायरी—एक कायम चालू, एक किल्लीबरोबर चालू, एक अर्थिंगची. बॅटरी उतरायला लागली की ते आपोआप बंद पडतं. एवढं सगळं तिने मला गर्दीत, मोठ्या आवाजात समजावलं. सव्वीस वर्षांची पोर! लहानपणी हिला मी याच ट्रकच्या बॉनेटवर बसवून फिरवलंय.

आणि तिचा बाप तिथेच उभा. पदू! टेंपो रस्त्याच्या मधोमध लावून माझी मजा बघायला उतरलेला. "दादा, तू चाकाचा राजा रं. वायरीला हात लावू नको."

जिजाचं म्हणणं एका वाक्यात: "मी सांगितलं व्हतं." ते वाक्य दिवसभरात सहा वेळा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जिजाने आज सांगितलं नाही. म्हणजे राग गेला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले, आणि कॅमेरा बसला! सविस्तर लिहितो, कारण असं काम मी जन्मात पाहिलं नाही.

दहा वाजता हर्षला किट घेऊन दारात. पाठोपाठ पदू, काही काम नसताना. हर्षलाने डॅशबोर्डच्या खाली, क्लीनरच्या बाजूला, फ्यूज बॉक्स उघडला, टेस्टर लावून कुठला फ्यूज किल्लीबरोबर जागा होतो ते शोधलं. अर्थिंगची वायर बॉडीच्या बोल्टला, आधी पॉलिश पेपरने रंग खरवडून. काचेच्या बाजूची पट्टी उचकटून वायर त्यात बसवली. इथवर सगळं सुरळीत. छताशी आल्यावर गाडी अडली. रेग्झिन मी दोन वर्षांपूर्वी ताणून बसवून घेतलेलं, मागे बोट जाईना. वायर ढकलली की आत गोळा होते. हर्षलाने जाड तार घालून बघितली, ती झालरीतून बाहेर आली. ती म्हणाली, "काका, रेग्झिन सोडवावं लागंल." मी दोन्ही हातांनी झालर धरली.

तेवढ्यात जिजा चहा घेऊन आली. थोडा वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, "परकरात नाडी घालता येत नाय काय तुमाला कुणाला?"

आत गेली, मोठी सेफ्टी पिन आणली, वायरच्या टोकाला अडकवली, आणि रेग्झिनच्या वरून चिमटीत पिन धरून एक-एक इंच सरकवत नेली. या टोकाला घातली, पाच मिनिटांत त्या टोकाला काढली! हर्षला बघतच राहिली. आता म्हणते दुकानात पिना ठेवणार.

मग पदूला केबिनमध्ये चढवलं. म्हटलं, वायर शोध, सापडली तर दोन वडापाव. पंधरा मिनिटं शोधत होता, मॅटिंगखाली डोकं घालून. नाही सापडली! मग दमून आपल्या जुन्या जागेवर बसला, क्लीनरच्या सीटवर, पाय वर घेऊन. सात वर्षं बसलाय तो तिथे. तेव्हा मी सोलापूरपर्यंत जायचो. माझी मान जरा कलली की हा गुडघ्यावर थाप मारून ओरडायचा—"दादा, डोळे!" तेवढंच त्याचं खरं काम. बाकी काच पुसणं, दगड लावणं हे फुकटात. एकदा इंदापूरच्या पुढे त्याने असा ओरडा केला की मी जागा झालो आणि शेजारच्या टँकरचाही ड्रायव्हर जागा झाला!

त्या काळात एक नियम होता. केबिनमधली गोष्ट केबिनमध्ये. कुणाला डुलकी लागली, कोण रडलं, कुणी मालकाला शिव्या घातल्या—खाली उतरलं की तोंड बंद. पदूने तो नियम कधी मोडला नाही. आणि एरवी हा माणूस गावभर बोलतो!

आता कुणीच क्लीनर ठेवत नाही. पदूने सीट थोपटली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "घे, आता ह्यो तुझा क्लीनर. पण ओरडंल काय त्यो?"

वडापाव तरीही मीच दिले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कॅमेऱ्याच्या पाठीला इवलासा पडदा आहे, त्यावर मागचं बघता येतं. आज जेवताना बघत होतो. चार दिवसांत पदूचा टेंपो तीन वेळा समोरून आलेला, आणि तिन्ही वेळा त्याचा एक हात खिडकीबाहेर! दहिवलीपासून खोपोलीपर्यंत भेटेल त्याला हात करतो. म्हशीलाही केला असावा. मी फोन करून विचारलं, परवा फाटकाजवळ कुणाला हात केलास? "गोदामावशीला. तिची नात बी व्हती संगती, निळा फ्रॉक." सगळं लक्षात असतं त्याच्या. मी म्हटलं, एक दिवस हात करता करता खड्ड्यात जाशील.

२८ सप्टेंबर, रविवार

सुरभी आली होती. वायर शोधली. नाही सापडली. खूश झाली, मग जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही घास हातात धरून पेंगत होता." मी म्हटलं, वरण गरम होतं, डोळे मिटून फुंकर मारत होतो. "डॉक्टरला दाखवा. घोरणाऱ्याची झोप पुरी होत नाही, मग दिवसा डोळा लागतो." आईने पढवून ठेवलेलं दिसतंय सगळं. अठ्ठावीस वर्षं एक ओरखडा नाही, आणि या दोघी मला डॉक्टरकडे नेणार!

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

ट्रक पहाटे धुतला. झेंडूचं तोरण, पुढे केळीचे दोन खांब, नारळ. जिजाने पूजा मांडली. स्टिअरिंगला हळदकुंकू, चाकांना हळदकुंकू, गिअरला, हॉर्नला. मी बाहेर लिंबू चाकाखाली ठेवत होतो. वर बघतो तर काय—कॅमेऱ्याच्या डोळ्यावर ओलं कुंकू! चांगलं अंगठाभर! वर दोन अक्षता चिकटलेल्या.

"अगं, हे काय केलंस!"

"काय केलं? त्यो बी गाडीचाच ना आता? सगळ्यांना लावायचं आणि त्याला एकट्याला नाय?"

मी रुमाल काढला. तिने हात धरला. "गाडीचं कुंकू पुसता? तुमाला समजतं का काय करताय ते?" चेहरा असा झाला तिचा की मी रुमाल परत खिशात घातला. पूजेचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नसतं, आपोआप जायचं असतं. आणि तिच्या मनात तिचं कपाळ आणि गाडीचं कपाळ काही वेगळं नाही. मी रस्त्यावर असतो, ती घरी असते, मधे एवढंच.

असू दे. चार दिवसांत सुकून पडेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

पडलं नाही. उलट घट्ट झालं. पडद्यावर कर्जत रोड बघा—सगळा लाल. कोकमाचं सरबत सांडल्यासारखा.

६ ऑक्टोबर, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

कर्जतला सिमेंट उतरवलं, तिथेच डबा खाल्ला, वालाची उसळ आणि भात, आणि रिकामा परत निघालो. दोन-अडीचची वेळ. पळसदरी सोडली, रस्ता मोकळा, ऊन तापलेलं, काचा खाली. एकदम हॉर्न. समोर पदूचा टेंपो. मी ब्रेकवर उभाच राहिलो. टेंपो बाजूच्या चरात गेला आणि माझ्या बंपरचा कोपरा त्याच्या मागच्या फाळक्याला लागला. मग चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या रस्त्यावर! संध्याकाळी कुणाच्या तरी फार्महाऊसवर कोजागिरी होती, तिकडे चालला होता. एक निळी खुर्ची आपल्या चार पायांवर सरळ रस्त्याच्या मध्ये उभी राहिली, कुणीतरी येऊन बसेल अशी.

उतरून धावलो. पदू चरात बसलेला, डावा हात पोटाशी धरून. पहिलं काय बोलला? "दादा, तुला लागलं नाय ना?"

लोक जमले. मला वाटलं, झालं, आता कॉलर. तर पदूच ओरडला, "त्याला हात लावू नका. चूक माझी हाय. मी हात करत व्हतो कुणाला तरी, टेंपो गेला तिकडं." मग कोण बोलणार! सगळ्यांनी खुर्च्या गोळा केल्या. दोघांनी तर मला पाणी आणून दिलं.

माझी गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला कशी गेली ते नीट आठवत नाही. त्याला चुकवताना गेली असणार.

पदूचा हात मोडलाय. कोपराच्या खाली, दोन ठिकाणी. थोडक्यात वाचला. देवा, थोडक्यात वाचला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला ओरखडा. बंपरच्या उजव्या कोपऱ्याला, वीतभर.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर कालचं बघितलं. लाल. नुसतं लाल. त्यात एक काळी सावली वाढत जाते आणि पडदा हलतो. बाकी काही कळत नाही.

दवाखान्यात पदूला भेटलो. प्लास्टरवर नर्सने तारीख लिहिली आहे. विचारलं, "कुणाला हात करत होतास रे?"

"आता आठवत नाय."

निळा फ्रॉक आठवतो याला, आणि हे आठवत नाही! धक्क्याने होतं असं, नर्स म्हणाली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हर्षलाने बापाची टेंपोची किल्ली काढून घेतली. दुकानाच्या गल्ल्यात टाकून कुलूप. हात बरा झाला तरी द्यायची नाही म्हणते. "काका, आज हात मोडला. उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं मग? हात करायला पाहिजे ना त्यांना—ओट्यावर बसून करा म्हणावं." डोळे भरलेले तिचे. आई नाही पोरीला. बापाशिवाय कोण आहे!

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. सतरा वेळा सांगितलं मी त्याला.

पदूने वाद घातला नाही. टेंपो दुरुस्त होऊन दारात उभा आहे, आणि हा ओट्यावर. चालवता येत नाही म्हणून पदू बसलाय, हे दृश्य मला बघवत नाही. गेलो की म्हणतो, "दादा, माझी काळजी करू नको. तू गाडी सांभाळून चालव. दुपारचा जरा थांबत जा, चहा घेत जा." मोडलेल्या हाताचा माणूस मला सल्ले देतो!

१३ ऑक्टोबर, सोमवार

जिजा चार दिवस नीट जेवत नाही. आज विचारलं तर रडायलाच लागली. "माझ्या कुंकवानं तुमचा पुरावा गेला. पुजा केली मी आणि तिथंच इघ्न." मी म्हटलं, अगं, पुरावा लागतोय कुणाला? पदूने स्वतःच कबूल केलंय. तरी रडते. म्हणते, कुंकू आडवं आलं म्हणूनच अपघात झाला. देवाला काय वाटलं असेल. तिच्या डोक्यात एकदा बसलं की तिथून काढायला सेफ्टी पिनही चालत नाही.

मला वाईट वाटतं तिचं. फार वाईट वाटतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीचा माल सुरू. रोज दोन फेऱ्या. दुपारी डोळे जड होतात, वालाचा परिणाम. उद्यापासून डब्यात उसळ नको सांगितलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मजा झाली! शिळफाट्याला हर्षलाच्या दुकानात बल्ब घ्यायला थांबलो. कॅमेऱ्याचा विषय निघाला, मी म्हटलं, लाल आहे गं सगळं, काही दिसत नाही.

"दिसत नसंल. ऐकलं का तुमी?"

मी म्हटलं, ऐकायचं काय?

त्या यंत्राला कानही आहे! मला पत्ताच नाही. पडद्यावर नुसतं चित्र दिसतं, आवाज ऐकायचा तर आतलं कार्ड काढून मोबाईलला लावायचं. आणि धक्का बसला की त्या वेळची फाईल यंत्र वेगळी काढून ठेवतं, पुसत नाही. म्हणजे सहा तारखेचं सगळं आत जसंच्या तसं असणार! हर्षलाने कार्ड लावायची छोटी खुंटी दिली, कशी लावायची ते दाखवलं. मग म्हणाली, "काका, ऐकून झालं की मला द्या. बाबा काल म्हणाले, हात बरा झाला की निदान गावातल्या गावात चालवू दे. हात करताना मोठ्यानं बोलतात, हसतात, त्ये त्यात असंल ना, त्येच ऐकवते. मग किल्ली मागायचे नायत परत."

देतो म्हटलं.

आणि जिजालाही ऐकवीन. म्हणेन, बघ, तुझं कुंकू डोळ्यावर होतं, कानावर नव्हतं. पुरावा गेलेला नाही. मग जेवेल ती. उद्या वसुबारस, पोटभर जेवली पाहिजे.

उद्या सकाळी रांगेत बसल्या बसल्या ऐकतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ऐकलं. केबिनमध्ये, काचा वर करून, एकटाच.

आधी इंजिन. मग गिरणी. जिजा म्हणते तशीच, पिठाची. बावीस सेकंद. मग हॉर्न, थांबतच नाही असा. आणि त्या हॉर्नच्याही वर पदूचा आवाज—"दादा, डोळे!"

त्यानंतर माझा ब्रेक.

त्याने कुणालाच हात केला नव्हता. मी झोपेत त्याच्या अंगावर चाललो होतो. त्याने मला उठवलं, स्वतः चरात गेला, आणि अकरा दिवस गप्प बसला.

वायर कुणाला दिसत नाही. आवाज कुणी ऐकलेला नाही. "आवाजही आला नाही गं," एवढं म्हटलं की झालं. खोटं कशाला लिहू—अर्धा तास तेच मनात होतं. माझा नंबर आला, निघून गेला.

मग कार्ड हर्षलाला दिलं. तिने दोनदा ऐकलं. गल्ला उघडून बापाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. जिजाला सांगितलं, कुंकवाचा दोष नव्हता, आणि ट्रकची किल्ली तिच्याकडे दिली. उद्या डॉक्टर.

पदूला त्याची किल्ली नेऊन दिली. घेईना. चिडला माझ्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"केबिनमधली गोष्ट भायेर का काढलीस रं, दादा?"